नव्वद अंश

“बोब मारली तरी सोडू नकात, काकी. तीस मोजीसर धरून ऱ्हवा,” सेजल म्हणाली, आणि गोकुळदासाचा डावा घोटा तिने सुमंगलाच्या हातांत देऊन टाकला, मासळीबाजारात बांगड्यांचा वाटा पिशवीत टाकावा इतक्या सहज. गुडघा बदलून अठरा दिवस झाले होते. टाके परवाच काढले होते आणि मांडीवरून नडगीपर्यंत उतरलेली जांभळी रेघ अजून ओली वाटत होती. तो खाटेच्या कडेला बसला होता, पाय खाली लोंबत, दोन्ही हातांनी खाटेची पट्टी आवळलेली. समोरच्या बुटक्या स्टुलावर त्याची बायको. सेजल सांखळीहून स्कूटरवरून आठवड्यातून तीनदा यायची, पस्तिशीची बाई, मनगटं सुताराची, बोलणं गोड. लोकांचे आखडलेले सांधे वाकवणं हाच तिचा धंदा. उरलेले दिवस घरच्या माणसाने पाय वाकवायचा, हे तिने आल्याआल्या सांगितलं होतं. पण घरचं माणूस म्हणजे सुमंगला, हे गोकुळदासाच्या डोक्यात त्या क्षणापर्यंत शिरलंच नव्हतं. फरशीवर सेजलने पिवळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. टाच मागे सरकत त्या पट्टीवर गेली की गुडघा नव्वद अंशांत वाकला असं समजायचं. आज टाच वीतभर पुढे होती. सात आठवड्यांत नव्वद झालं नाही तर पुन्हा भूल द्यायची आणि माणूस निपचित असताना पाय जोर लावून वाकवायचा, असं डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

सुमंगलाने घोटा मागे रेटला. “एक,” ती म्हणाली. धोब्याला कपडे मोजून देताना जो आवाज असतो तोच. गुडघ्याच्या आत कुणीतरी जाड कापड टरकावायला घेतलं. पाचावर त्याचे दात आवळले गेले, आठावर डोळ्यांपुढे काजवे चमकले, अकरावर तो ओरडला. साधासुधा नाही, डुक्कर पकडताना ओरडतं तसा. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. अकराला हे संपणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्याचा आवाज चढल्यावर सुमंगलाच्या हातात काही राहिलं नव्हतं. ताट असो, पोर असो, बोलणं असो, ते सुटायचंच. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, ओळख पटवून घेतल्यासारखं. मग खाली पिवळ्या पट्टीकडे पाहून ती म्हणाली, “बारा.”

त्या बाराने तो हादरला. दुखणं एकवेळ परवडलं, पण ते बारा नको. त्याची नजर तिच्या हातांवर खिळली. घोट्याला विळखा घातलेले दोन हात, उजवा सरळ आणि डावा मनगटात वाकडा, अंगठ्याकडे किंचित झुकलेला. त्या वाकडेपणाला आता बावीस वर्षं झाली होती. लोकांना ती सांगायची, धुण्याच्या दगडावर पाय घसरला, हातावर पडले. गोकुळदासालाही इतक्या वर्षांत ते थोडंफार खरं वाटायला लागलं होतं. आज तेच मनगट त्याच्या नडगीवर भार टाकत होतं, आणि त्याला स्पष्ट आठवलं की तिथे दगड वगैरे काही नव्हता. त्याने पिरगळलं होतं. गौरवीला, त्यांच्या मुलीला, शाळेच्या सहलीला जायला त्याला न विचारता होकार दिला म्हणून. पिरगळता पिरगळता ओली काठी मोडताना येतो तसा आवाज आला होता. “सोडा,” असं ती एकदाच म्हणाली होती, हळू, शेजारी ऐकू नये म्हणून. तो आवाज आल्यावरही त्याने लगेच सोडलं नव्हतं. का सोडलं नव्हतं, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. विचारायची वेळ आता आली होती, आणि आता तोंडातून बोंबेखेरीज काही निघत नव्हतं. “तीस,” सुमंगला म्हणाली आणि तिने पाय अलगद, खरंच अलगद, सरळ केला. “बरां जमता तुमकां,” सेजल म्हणाली. सुमंगला पदराने घाम पुसत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ना राग ना दया.

गोकुळदास माणूस वाईट नव्हता, असं लोक म्हणत. लोकांचं काय, जो दारू पीत नाही तो त्यांना देवमाणूस वाटतो. गोकुळदास थेंबही घेत नसे. खाणीच्या रस्त्यावर तीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला, पण शुद्धीत चालवला. आणि घरात हात उगारला तोही शुद्धीतच. डिचोलीतल्या या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन आठ वर्षं झाली होती. त्याआधीचं सगळं आयुष्य खाणीकडच्या गावात, लाल धुळीत. अंथरुणात लाल, भातात लाल, थुंकीत लाल. खाणीवरून नदीच्या धक्क्यावर, धक्क्यावरून खाणीवर. जास्त खेपा मारील तो गडी. डावा पाय क्लचवर, दाबा सोडा, दाबा सोडा, एका खेपेत कितीदा ते देवाला ठाऊक. तोच हा गुडघा. कमरेत सुई देऊन डॉक्टरांनी तो कापला तेव्हा गोकुळदास अर्धवट जागा होता. दिसत काही नव्हतं, हिरवा पडदा होता मध्ये, पण कान कुणी बांधले नव्हते. आधी करवत, मग ठोके. हातोड्याचे, लोखंडावर लोखंड. ट्रकची फळी ठोकून सरळ करताना गॅरेजात जसे पडायचे, अगदी तसे, आणि प्रत्येक ठोक्याला त्याचं सगळं अंग टेबलावर हलत होतं. कुणीतरी म्हणालं, अजून एक. त्याला भीती वाटली नव्हती, उलट मजा वाटली होती. आपल्याच हाडावर घाव पडतायत आणि आपल्याला काही होत नाही. हाणणाऱ्याला असंच वाटत असणार, असं काहीतरी त्याच्या सुस्त डोक्यात येऊन गेलं होतं. खाणीच्या रस्त्यावर त्याने दोडामार्गकडच्या सखाराम नावाच्या ड्रायव्हरचे चार दात पाडले होते. चाक खोलायची लोखंडी टॉमी होती हातात. सखाराम मध्ये घुसला होता रांगेत, बस, एवढंच. सखाराम खाली बसून ओंजळीत रक्त धरून बघत होता, आणि गोकुळदास ट्रक चालू करून खेपेला निघून गेला. संध्याकाळी घरी पोचला तेव्हा दंड अजून गरम होता. आमटीत मीठ कमी होतं की जास्त, ते आता आठवत नाही. दंड गरम होता, ते आठवतं.

सुमंगलाने पहिल्यांदा पाय वाकवला त्या दिवसापासून दिवसाचे तीन तुकडे झाले. सकाळी न्याहारीनंतर, दुपारी जेवणाआधी, संध्याकाळी दिवा लावल्यावर. स्टूल सरकवल्याचा आवाज आला की तो आधीच खाटेची पट्टी आवळायचा. साठ अंश झाले, मग सहासष्ट, मग बहात्तर. बाकीच्या वेळी सुमंगला त्याचं सगळं करायची, आणि कसं करायची! पोटावर सुई टोचायची ती इतकी हलकी की कळायचं नाही. खुर्चीखालचं भांडं स्वतः धुवायची. उकड्या तांदळाची पेज, सुक्या सुंगटांची किसमूर, आटवलेली कढी, सगळं त्याच्या आवडीचं. गुडघ्यावर बर्फ ठेवताना आधी फडक्यात गुंडाळायची, चटका लागू नये म्हणून. आणि मग स्टूल सरकवून समोर बसायची आणि एक म्हणायची. ही बाई सूड घेते आहे, असं त्याने ठरवून टाकलं. ठरवल्यावर जरा बरं वाटलं. सूड त्याला कळत होता, खाणीच्या रस्त्यावर तोच तर हिशोब चाले. तो तिच्या तोंडावर सूड शोधायचा. ओठ आवळलेले आहेत का, डोळ्यांत चमक आहे का, तीसच्या जागी बत्तीस मोजते का. एकदाही बत्तीस झाले नाहीत. तिची नजर त्याच्या तोंडावर नसायचीच, त्या पिवळ्या पट्टीवर असायची, घरी लवकर जायचं असलेल्या माणसाची घड्याळावर असते तशी. एकदा दुपारी तो रडला. खरोखर, नाकातून पाणी येईपर्यंत. तिने हात काढला नाही. झाल्यावर तिने त्याचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं दोन बोटांत धरून, आणि त्याला तिचा हात धरून ठेवावासा वाटला. शरम वाटली म्हणून धरला नाही.

पाचव्या आठवड्यात गावाहून शांताराम गुरव भेटायला आला. कागदात बांधलेले चार उंडे पाव, एक नारळ आणि देवळातला अंगारा घेऊन. सातेरीच्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या पूजा त्याच्या घरात. देवीला कौल लावणारा हात त्याचाच. गोकुळदासाच्या बरोबरीचा, बडबड्या, पोटात काही न राहणारा. सुमंगला खाली भाजीला गेली होती. शांतारामाने अंगारा गुडघ्यावर लावला आणि चौकशी केली.

“वाकता मरे पाय?”

“अठ्ठ्याहत्तर झालो.”

“मगे आता बारा ऱ्हवले. होतले, होतले. देवीन उजवो कौल दिल्लो न्हय? माझ्याच हातान लायल्लो. पाकळी ठेयली नि ठेयताना पडली बग. वयनी थंयच रडली.”

“ऑपरेशनाचो कौल,” गोकुळदास म्हणाला. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सुमंगला गावी जाऊन कौल लावून आली होती, हे त्याला माहीत होतं. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी आधी पडली की देवाचा होकार. ती आली, उजवा दिला म्हणाली, आणि याने बॅग भरायला सांगितली. कशाचा कौल, हे विचारायचं कारणच नव्हतं. घराचा कौल घरच्या पुरुषाच्या गोष्टीचाच असतो.

शांताराम त्याच्याकडे बघत राहिला. “ऑपरेशनाचो खंय? तां तर डॉक्टरान ठरयल्लां. वयनीन वेगळां विचारलां.” मग तो थांबला. पण थांबणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि इतक्या पुढे आल्यावर मागे जाणं त्यालाही कठीण झालं. “तुका म्हायत आसतलां असां माका वाटलां, गोकुळा. घरात बोलल्याशिवाय कोण कौल लावक येता? माका म्हणाली, अशें गाराणां घाल. ‘घोवाचो पाय नव्वद वाकायसर मी सेवा करतंय. नव्वद झाले काय माझी सेवा पुरी. मगे मी चेडवाकडे तुयेक गेल्यार तुझी ना नाय मगो, आई?’ मी म्हटलां, वयनी, देवीक नव्वद बिव्वद काय कळता? ती म्हणता, तू सांग, तिका कळतलां.” शांताराम कसनुसा हसला. “ऱ्हवाक म्हणान जाता आसतली. चार दीस. लेकीकडे.”

चार दिवसांसाठी कुणी देवाला कौल लावत नाही, हे दोघांनाही कळत होतं. गौरवी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगवर होती, तिथेच दोन खोल्या घेऊन एकटी राहायची. बापाशी बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. आईला मात्र ती दर रविवारी फोन करायची, आणि सुमंगला फोन घेऊन मागच्या गॅलरीत जायची. काय बोलत असतील बायका, असं म्हणून त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. शांताराम गेल्यावर तो तसाच पडून राहिला. म्हणजे सूड नव्हताच. सूड असता तर किती बरं झालं असतं! सूड म्हणजे तिच्या मनात तो होता, रागाने का होईना पण होता. इथे तर तो नव्हताच. होती ती पिवळी पट्टी. ती त्याचा पाय वाकवत नव्हती, दार उघडत होती. रोज तीनदा, तीस-तीस मोजून, अंशाअंशाने बिजागरी ढिली करत होती, आणि तो मूर्ख, देवमाणूस, सहन करून तिला मदत करत होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोडून काढावी असं वाटलं. लगेच दुसरं वाटलं, फोडून काढायला आधी उभं राहायला हवं, आणि उभं राहता आलं की ती गेलेली असणार. हे इतकं विचित्र होतं की त्याला स्वतःशी हसू आलं आणि हसताना गुडघा ठणकला.

संध्याकाळी ती स्टुलावर बसली तेव्हा त्याला एक शोध लागला. मांडीचा स्नायू आतल्या आत आवळून धरला तर पाय हलत नाही. बाहेरून दिसतही नाही. ओरडण्याच्या आड ते खपून जातं. खटारा ट्रक घाटात ब्रेकवर धरून ठेवायची सवय होती त्याला. अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या दिवशी सत्त्याहत्तर. सुमंगलाला घाम फुटायचा, ती पूर्ण वजन टाकायची, आणि टाच पट्टीच्या चार बोटं अलीकडे रुतून बसायची. गोकुळदास ओरडत होता आणि आतून त्याला गोड वाटत होतं. चौतीस वर्षांत तिला थांबवायला त्याने हात वापरला, पट्टा वापरला, एकदा पायतण वापरलं. आता नुसती मांडी पुरत होती. लंगडा राहीन, तो मनाशी म्हणायचा. वॉकर घेऊन चालेन, पेज ती देईल. पुन्हा भूल देऊन वाकवतील ते वाकवोत, त्यानंतर पुन्हा धरून ठेवीन. एक पाय देऊन बायको राहत असेल तर काय वाईट? मग मध्येच, अंघोळीच्या खुर्चीवर बसलेला असताना, पाणी अंगावर पडता पडता, त्याला भयंकर एकटं वाटायचं, की हे तिला तोंडाने सांगता का येत नाही. ‘जाऊ नकोस’ हे दोन शब्द. त्याने जिभेवर घेऊन पाहिले. ते त्याच्या तोंडात बसेनात, दुसऱ्याच्या कवळीसारखे.

सेजल शुक्रवारी आली, तिने मांडीवर तळहात ठेवला आणि तिला लगेच कळलं. “काका, तुमीच धरून ठेयतात. सैल सोडा मां. हय बगा, मांडी दगड झाल्या.” तो म्हणाला, दुखतं म्हणून आपोआप होतं. सेजलने प्लास्टिकची मोजपट्टी लावली, सत्त्याहत्तर वाचले, आणि सुमंगलाकडे बघून सांगितलं की येत्या गुरुवारी डॉक्टर बघतील, असंच राहिलं तर भूल.  सुमंगलाने सेजलला चहा दिला, जिन्यापर्यंत पोचवलं, दार लावलं. परत आली ती सरळ स्टुलावर येऊन बसली. अजून दुपारची वेळ झाली नव्हती.

“शांताराम येवन गेलो तेच्यापासून पाय धरून ठेयल्यात,” ती म्हणाली.

 तो म्हणाला, “कौल लावन घोवाक सोडतात? खंयच्या शास्त्रात आसा तां?”

“शास्त्र माका म्हायत नाय. देवीक विचारलां, देवीन दिलां.”

“मगे आताच जा! कोणी धरल्या तुका? चालती हो!”

“लंगडो टाकून गेलंय तर माका थंय झोप लागाची नाय.” ती शांतपणे बोलत होती, स्वयंपाकाचं काहीतरी ठरवावं तशी. “आजपासून न्हय, वर्सांपासून जावचां होतां. कदी चेडू ल्हान, कदी तुमचो ट्रक बंद पडलो, कदी तुमचो ताप. दर खेपेक कायतरी. ह्या खेपेक मी म्हटलां, पायार उबो करतंय नि जातंय. तुमचां माझ्यार काय ऱ्हवता नये नि माझां तुमच्यार.”

“माझां कोण बगतलां?”

 तिने घोटा धरला. “मांडी सोडा,” ती म्हणाली, आणि रेटलं. एक. दोन. त्याने मांडी आवळली. ती स्टुलावरून उठली, गुडघे फरशीवर टेकले, खांदा त्याच्या नडगीला लावला आणि गाडी ढकलतात तशी ढकलू लागली. तिचं डोकं त्याच्या हाताखाली आलं, विरळ झालेला भांग, त्यातलं ओलसर कुंकू. नऊ. दहा. जखमेची रेघ ताणली जाऊन पांढरी पडली. दोघंही धापा टाकत होती. असं दोघांनी मिळून, अंगाला अंग लावून, जिवाच्या आकांताने काही करायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. “सोड,” तो म्हणाला. “सोड म्हणतंय!” चौदा. पंधरा. तिने वर पाहिलं नाही, आणि तिने वर पाहिलं नाही हे त्याला सहन झालं नाही. त्याचा उजवा हात खाटेची पट्टी सोडून वर गेला आणि मागच्या सगळ्या वर्षांचं वजन घेऊन खाली आला. कानाखाली नव्हे, तोंडावरच बसला. नाकाचं हाड आणि दात त्याच्या तळहाताला लागले. दंड गरम झाला.

आणि त्याच क्षणी मांडी सुटली. हाताला जोर पुरवताना पायाचा जोर निघून गेला. दोन्ही एकदम धरून ठेवण्याइतकं बळ आता या शरीरात उरलं नव्हतं. सुमंगला फटक्याने बाजूला कलंडली, पण घोटा तिने सोडला नव्हता, तिच्या सगळ्या वजनासकट पाय मागे गेला. आत टर्रकन आवाज झाला, ताग्यातून कापड फाडल्यासारखा, शेजारच्या खोलीतही ऐकू गेला असता असा. गोकुळदासाला ब्रह्मांड आठवलं. तो ओरडलाही नाही, तोंड नुसतं उघडं राहिलं. शुद्ध आल्यासारखं झालं तेव्हा सुमंगला फरशीवर बसून होती, नाकातून रक्त ओठावर, ओठावरून हनुवटीवर, आणि अजून दोन्ही हातांनी त्याची टाच धरून होती. टाच पिवळ्या पट्टीच्या पलीकडे गेली होती. दोन बोटं पलीकडे. तिने एकदा टाचेकडे पाहिलं, एकदा पट्टीकडे. मग उरलेले आकडे मोजले. सोळापासून तीसपर्यंत, घाई न करता, रक्त गिळत. तीस झाल्यावर पाय सरळ केला, खाली उशी दिली, बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

सेजलला तिने फोन करून दुसऱ्या दिवशी बोलावलं. सेजलने आधी सुमंगलाचं सुजलेलं तोंड पाहिलं, मग गोकुळदासाकडे पाहिलं, मग काही न विचारता मोजपट्टी लावली. चौऱ्याण्णव. आखडलेलं होतं ते सुटलं, आता भूल नको, ती कोरडेपणाने म्हणाली. पण रोज तीन वेळा वाकवत राहायचं, दोन-तीन महिने तरी, नाही तर आठवड्याभरात पुन्हा धरेल. हे सांगताना ती कुणाकडेच बघत नव्हती. दुपारी गौरवी रिक्षा घेऊन आली. वर आली नाही, खालून मिस्ड कॉल दिला. सुमंगलाने एक बॅग घेतली, मंगळसूत्र गळ्यात तसंच होतं, पायांत रोजच्याच चपला. पेज झाकून ठेवली आहे, गोळ्या सकाळच्या डाव्या डबीत, संध्याकाळच्या उजव्या. शेजारच्या बाईला सांगून ठेवलं आहे, ती दोन वेळा जेवण देईल. हे सगळं तिने दारात उभं राहून सांगितलं. तो ‘हूं’ म्हणाला. जाऊ नकोस हे तोंडाशी आलंही होतं, पण तिचा सुजलेला ओठ समोर होता, आणि तो ओठ बघत ते शब्द बोलणं त्याच्यासारख्यालाही जमलं नाही. ती सावकाश जिना उतरली. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर तो आपणहून खाटेच्या कडेला येऊन बसला. सेजलने एकट्याने करायची रीत दाखवून ठेवली होती: टॉवेल घोट्यात अडकवायचा, दोन्ही टोकं मागे घेऊन हातांनी ओढायचं, तीस मोजायचं. त्यात काय एवढं! हातांत बळ होतं अजून, त्याची खात्री परवा पटली होती. त्याने ओढलं. एक, दोन, तीन. चारला जखमेत सुरी फिरल्यासारखं झालं, त्याच्या घशातून बारीक कण्हणं निघालं, आणि टॉवेल सुटला. त्याने सोडला नव्हता. हातांनी आपलेआप सोडला. त्याने टोकं मनगटांना दोनदा गुंडाळून घेतली आणि पुन्हा ओढलं. पाच. पुन्हा तेच, कण्हणं ऐकू आलं मात्र, हात सैल पडले. तिसऱ्यांदा त्याने दात-ओठ खाल्ले, स्वतःला आईवरून शिवी दिली, डोळे मिटले, आणि चारपर्यंतही पोचला नाही. या हातांनी सखारामाच्या ओंजळीतलं रक्त बघून माघार घेतली नव्हती. मनगट मोडल्याचा आवाज झाल्यावरही ते आवळलेलेच राहिले होते. बायकोच्या, पोरीच्या रडण्याला ते बावीस वर्षांपूर्वी थांबले नाहीत, परवा थांबले नाहीत. आणि आता हा एवढासा आवाज, दाराबाहेर जाणार नाही असा, तो कानावर पडताच मऊ पडत होते, उघडत होते, समजूतदार माणसाच्या हातांसारखे. थांबायचं कसं ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. गोकुळदासाने दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. उजव्या तळव्यावर दातांची खूण होती, निळसर, अजून ठुसठुसत होती. न्याहारीची बशी उचलायला शेजारची बाई आली, तेव्हाही तो तसाच बसलेला होता.